पीएसए उतरला, पुढं काय? (प्रोस्टेट कॅन्सरनंतरचं रोजचं जगणं – सोलापूर आणि आसपासच्यांसाठी)

गुरुजी_विजापूररोड

गेल्या वर्षी माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. पीएसए, म्हणजे रक्ततपासणीतला प्रोस्टेटचा आकडा, आता ०.१ च्या खाली आहे. दर भेटीला डॉक्टर रिपोर्ट बघतात, "उत्तम" म्हणतात आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात. रिपोर्ट उत्तम आहे यात वाद नाही. पण मी कसा आहे, याचा रकाना त्या कागदावर नसतो.

खोकलो, शिंकलो, खुर्चीतून पटकन उठलो की थेंब जातात. सकाळी बरं असतं, संध्याकाळी दमल्यावर जास्त. नवी पेठेत खरेदीला जायचं तर दुकानाआधी मुतारी कुठं आहे ते डोक्यात येतं. भजनी मंडळात पहिल्या ओळीत बसायचो, आता दाराजवळ बसतो आणि कुणी विचारलं तर गुडघ्याचं कारण सांगतो. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीला जन्मात कधी चुकलो नव्हतो. यंदा गर्दीत तासन् तास उभं राहायचं कसं, या विचारानं घरीच बसलो. आणि नवरा-बायकोचं जे असतं, त्याबद्दल घरात कुणीच काही बोलत नाही. बायको बोलत नाही म्हणून मी नाही, मी नाही म्हणून ती नाही.

माहिती शोधायला गेलं की पाच वर्षं किती जण जगतात, दहा वर्षं किती, हेच सापडतं. ती वर्षं कशी जातात ते सोलापूरच्या माणसानं सोलापूरच्या माणसासाठी लिहिलेलं मला कुठं दिसलं नाही, म्हणून हा धागा काढतोय. उपचार चालू असोत की संपलेले, दिवस कसा काढता ते लिहा. कुठला डॉक्टर चांगला, कुठल्या दवाखान्यानं लुटलं, ते इथं नको. नावं घेऊ नका. घरच्यांनीही लिहा, विशेषतः बायकांनी.

ओ_मालक

गुरुजी, जीव वाचला की ओ! माझे काका यातच गेले, कळलं तेव्हा हाडात उतरलं होतं. थेंब-दोन थेंबाचं काय घेऊन बसलाय? देवाचे आभार माना.

गुरुजी_विजापूररोड

आभार रोज मानतो. पण आभार मानून लेंगा वाळत नाही, मालक.

जुळेसोलापूरकर_५९

गुरुजी, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझं ऑपरेशन पुण्यात, रोबोटिक. "रोबोटिक आहे, काही होत नाही" असं ओळखीतल्यांनी ऐकवलं होतं. जखम लहान असते, रक्त कमी जातं, घरी लवकर सोडतात, हे सगळं खरं. पण लघवी धरण्याचं आणि बाकीचं जे व्हायचं ते रोबोटनंही होतं. लघवीची नळी साधारण आठवडा-दोन आठवडे राहते, ती काढल्यावर खरा खेळ सुरू होतो. नळी काढली त्या दिवशी नळ उघडाच राहिल्यासारखं झालं आणि मला वाटलं ऑपरेशन बिघडलं. तसं नव्हतं. बहुतेकांचं तीन महिन्यांत बरंच आटोक्यात येतं आणि वर्षभर सुधारत राहतं. हे कुणीतरी आधी सांगायला पाहिजे.

पॅडबद्दल. मेडिकलवाला मोठ्या माणसांचा डायपर काढून देतो. तो रात्रीसाठी आणि सुरुवातीच्या दिवसांसाठी ठीक आहे. उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत तो घालून फिरून बघा, जांघा सोलून निघतात. नंतर आतल्या चड्डीत चिकटवायचं छोटं पॅड पुरतं. मी तर शेवटी आपल्या गावचाच माल वापरला. टेरी टॉवेलचे जुने नॅपकिन कापून बायकोनं घड्या शिवून दिल्या. घट्ट आतल्या चड्डीत त्या नीट बसतात. फक्त ओलं झालं की लगेच बदलायचं, आणि कातडीला व्हॅसलिन किंवा झिंकचं मलम लावायचं. धुवायला पाणी लागतं आणि आपल्याकडं नळाला पाणी काही रोज येत नाही, म्हणून पाण्याच्या दिवसाचा हिशोब ठेवून घड्या जास्त करून ठेवल्या.

एक तक्रार जाता जाता. पुरुषांच्या मुतारीत कचऱ्याचा डबा कधी बघितलाय कुणी? पॅड बदललं तर टाकायचं कुठं? खिशात वर्तमानपत्राचा कागद आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन हिंडतो मी. महापालिकेत कुणाची ओळख असेल तर सांगा त्यांना.

फिजिओ_ताई

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बाळंतपणानंतरच्या बायका माझ्याकडं याच व्यायामासाठी येतात. पुरुष येतात ते गुडघ्यासाठी, आणि जाताना दारात उभं राहून हळूच विचारतात.

ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते, तिचा हा व्यायाम. केगल म्हणतात. चारचौघांत वायू सरेल अशी वेळ आली की जे आवळतो, ते आवळायचं आणि वर ओढायचं. पुरुषानं नीट केलं तर लिंगाचं मूळ किंचित आत जातं आणि वृषण वर उचललं जातं. एकदा आरशात बघून खात्री करून घ्या. मांड्या, ढुंगण, पोट आवळायचं नाही. श्वास धरायचा नाही. पाच सेकंद धरा, तेवढंच सोडा, जमेल तसं दहा सेकंदांपर्यंत न्या. दहा वेळा, दिवसातून तीनदा. आधी झोपून, मग बसून, मग उभं राहून. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण थेंब जातात ते उभ्यानंच.

लघवी मध्येच तोडून व्यायाम करा असं बरेच जण सांगतात. स्नायू ओळखण्यापुरतं एकदा ठीक, रोज तसं करू नका.

गुरुजी, तुमच्यासाठी खास: खोकण्याच्या, शिंकण्याच्या, उठण्याच्या आधी क्षणभर आवळा, मग उठा. ही सवय अंगवळणी पडली की फरक पडतो. आणि संध्याकाळी जास्त जातं कारण तो स्नायूही दिवसभर राबून दमतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ऑपरेशन ठरलेलं असेल त्यांनी आधीच शिकून घ्या. नंतर दुखत्या अंगानं नवीन गोष्ट शिकणं अवघड जातं.

पाणी कमी पिऊ नका! सगळे हेच करतात. लघवी दाट झाली की मूत्राशय जास्त चिडतो, वर बद्धकोष्ठ होतो, आणि कुंथलं की तीच झोळी खाली ढकलली जाते. कमी करायचाच तर चहा करा. आपल्याकडं दिवसाला किती कप होतात ते मी विचारत नाही.

आणि वर्षभर मन लावून करूनही दिवसाला दोन-चार पॅड लागत असतील तर "वय झालं" म्हणून बसू नका. मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी बसवतात, कृत्रिम झडप बसवतात. खर्चिक आहे, पण असं काही असतं हेच पुष्कळांना माहीत नसतं.

चाचा_शास्त्रीनगर

गुरुजी, माझी अडचण तुमच्या भजनासारखीच, फक्त जागा वेगळी. थेंब गेला की वजू, म्हणजे नमाजआधी हातपाय धुऊन केलेली शुद्धी, तुटतो. ऑपरेशननंतर कितीतरी महिने मी मशिदीत गेलो नाही, जुम्म्यालाही नाही. घरचे म्हणायचे तब्येतीमुळं जात नाहीत. खरी गोष्ट मी एकट्यालाच माहीत.

शेवटी आमच्या इमामसाहेबांना एकांतात विचारलं. ते म्हणाले, एका नमाजच्या पूर्ण वेळात थेंब थांबतच नाहीत अशा माणसाला सवलत आहे, त्याला माजूर म्हणतात. प्रत्येक नमाजची वेळ झाली की नवा वजू करायचा, पॅड बदलायचं, आणि पढायचं. मध्ये थेंब गेला तरी त्या वेळेपुरता वजू राहतो. हा मसला हनफी फिकहचा, म्हणजे आमच्या पंथाच्या धर्मनियमांतला आहे, इतर मसलकवाल्यांनी आपापल्या आलिमांना विचारावं. शेकडो वर्षांपासून पुस्तकात लिहिलेलं आहे, म्हणजे हा त्रास काही माझ्यापासून सुरू झालेला नाही. सजद्यात वाकल्यावर जास्त जायचं, तिथं ताईंनी सांगितलेलं आवळून मग उठणं कामाला येतं.

तुम्ही पहिल्या ओळीत बसा की. बुवांना सांगून ठेवा, मधून उठावं लागेल म्हणून.

वहिनी_बाळीवेस

गुरुजींनी बायकांनी लिहा म्हटलंय म्हणून लिहिते. यांचं ऑपरेशन नाही. आजार बाहेर पसरलेला होता, म्हणून दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन आणि सोबत रेडिएशन.

इंजेक्शनाचं एका वाक्यात सांगितलं होतं, "पुरुषी हार्मोन बंद होईल, थोडी उष्णता वाटेल." थोडी! मे महिन्यात, कूलर चालू, आणि हे रात्री दोनला उठून बनियन काढून पिळतायत. मला पाळी गेली तेव्हा हेच झालं होतं आणि मी सांगायचे तेव्हा "पंख्याखाली बस" म्हणायचे. आता दोघंही पंख्याखाली बसतो. सुती कपडे, उशाला ओला नॅपकिन, रात्रीच्या जेवणात तिखट कमी. काळा मसाला आणि शेंगा चटणी दुपारपुरती. फार त्रास होत असेल तर त्यावर गोळ्याही असतात, त्या डॉक्टरांनी नंतर दिल्या. मागितल्यावर.

वजन वाढलं, पोट सुटलं, दंड बारीक झाले. साखर काठावर होती ती वर गेली. पण सगळ्यात जास्त घाबरले ते यांच्या रडण्याला. बातम्या बघताना डोळ्यांत पाणी. नातवानं हाक मारली की पाणी. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस सासरे गेले तेव्हाच रडला होता. मला वाटलं खचले. डॉक्टर म्हणाले हा औषधाचा भाग असू शकतो, आणि नैराश्यही येतं, दोन्हीकडं लक्ष ठेवा. आधी सांगितलं असतं तर मी त्यांच्यावर "पुरुषासारखे वागा" म्हणून ओरडले नसते.

आता दुसरं. हे लिहिताना खरं नाव नाही म्हणून हिंमत होतेय. इच्छाच जाते. यांची गेली, पूर्ण. सुरुवातीला मला वाटलं मीच नकोशी झाले. हे पलीकडं तोंड करून झोपायचे, मी इकडं. दोघांच्याही मनात वेगळंच. एका रात्री मीच विचारलं, राग आलाय का माझा? तर म्हणाले, जवळ आलो आणि काही जमलं नाही तर तुला काय वाटेल, म्हणून लांब राहतो. एवढ्यासाठी वर्षभर! आता जवळ झोपतो, हात धरतो, पाठ चेपून देते. पुढचं होत नाही, नाही तर नाही. पण लांब राहायची काय गरज होती? बायकांनो, तुम्हीच विचारा. ते विचारणार नाहीत.

यंत्रमाग_चाळ

वहिनींना नमस्कार.

मी त्याच गावचा, दुसऱ्या रस्त्यानं गेलेला. इंजेक्शनाचा खर्च दर तीन महिन्यांनी, आयुष्यभर. माग चालला तर पैसा, नाही तर नाही. डॉक्टरांनी दुसरा मार्ग सांगितला, दोन्ही गोट्या काढायच्या. एकदाच छोटं ऑपरेशन, पुन्हा इंजेक्शन नाही. महात्मा फुले योजनेत बसलं, पदरचं फार गेलं नाही. उपयोग तेवढाच होतो असं सांगितलं आणि तसाच झाला, पीएसए धाडकन खाली.

पण हे कुणाला सांगायचं? आमच्या गल्लीत काय काय बोलतील ते माहितीय. भावाला हर्नियाचं ऑपरेशन सांगितलंय. बायकोला आणि मोठ्या मुलीला खरं माहितीय, बस. आंघोळीला आता दाराला कडी लावतो, आधी कधी लावत नव्हतो. दाढी सावकाश वाढते. मागावर पूर्वी बारा तास उभा राहायचो, आता चार तासांत पायातला जोर जातो.

इंजेक्शन की ऑपरेशन, हे ठरवायला मला दोन मिनिटं मिळाली. ओपीडीत मागं रांग होती. पैशाचा विचार केला तर तेच ठरवलं असतं, पण घरी जाऊन एक रात्र झोपून ठरवलं असतं. इंजेक्शन बंद केलं तर हार्मोन हळूहळू परत येऊ शकतं, हे परत येत नाही, एवढं तरी त्यांनी बसवून सांगायला पाहिजे होतं. ज्यांना आता ठरवायचंय त्यांनी एक दिवस मागून घ्या. एका दिवसानं कॅन्सर पळत नाही.

जडीबुटी_पंढरपूर

पुरुषी ताकद परत आणायला शुद्ध शिलाजित आणि अश्वगंधा. साइड इफेक्ट शून्य. व्यनि (खासगी निरोप) करा.

युरो_डॉक्टर

व्यनि करू नका.

मी मूत्रविकारतज्ज्ञ आहे, सोलापुरातच. बराच वेळ नुसता वाचत होतो, पण वरची पोस्ट बघून लिहायलाच हवं. पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये आपण पुरुषी हार्मोन मुद्दाम बंद करतो, कारण कॅन्सर त्याच्यावर पोसला जातो. त्यावेळी ते हार्मोन वाढवण्याचा दावा करणारं काहीही घेणं म्हणजे स्वतःच्या उपचाराविरुद्ध उभं राहणं. शिवाय "ताकदीच्या" देशी पुड्यांमध्ये सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) किंवा स्टेरॉइड न सांगता मिसळलेलं सापडतं. छातीसाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या किंवा नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या पोटात सिल्डेनाफिल गेलं तर रक्तदाब एकदम कोसळतो, जीव जाऊ शकतो. ज्यांना हृदयाचं दुखणं नाही त्यांना सिल्डेनाफिलच्या गोळ्या आम्ही रीतसर देतो. ऑपरेशनमध्ये मज्जातंतू वाचवता आले असतील तर दीड-दोन वर्षांपर्यंत सुधारणा होत राहते. गोळीनं नाही जमलं तर व्हॅक्यूम पंप आहे, लिंगात घ्यायचं इंजेक्शन आहे. विचारायला लाजू नका, आम्हाला यात नवीन काही नाही.

यंत्रमाग भाऊ, तुम्ही घेतलेला उपचार पसरलेल्या आजारातला जुना आणि भरवशाचा आहे. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये शिकागोत दाखवलं की वृषण काढले की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर मागं हटतो. त्या शोधाला १९६६ चं नोबेल मिळालं. महागडी इंजेक्शनं तेच काम रसायनानं करतात. तुम्हाला मिळालेली दोन मिनिटं मात्र अपुरी होती, हे मला मान्य आहे. आमच्या ओपीडीत एका सकाळी किती माणसं बसलेली असतात ते तुम्ही पाहिलंय. ते कारण आहे, समर्थन नाही.

मालकांनी विचारलं होतं, जीव वाचला ना? ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाची मोठी चाचणी झाली. आजार प्रोस्टेटपुरताच असलेल्या १६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं ऑपरेशन, रेडिएशन किंवा नुसती देखरेख, अशा तीन गटांत वाटलं. १५ वर्षांनी, २०२३ मध्ये निकाल आला. तिन्ही गटांत या कॅन्सरनं गेलेले सुमारे ३ टक्केच. जीव तिन्हीकडं सारखाच वाचला, फरक पडला तो जगण्यात. बाराव्या वर्षी ऑपरेशनवाल्यांपैकी २४ टक्क्यांना पॅड लागत होतं, रेडिएशनवाल्यांपैकी ८ टक्क्यांना. उलट शौचावरचा ताबा सुटण्याचा त्रास रेडिएशन गटात दुप्पट, १२ टक्के विरुद्ध ६. म्हणजे तुम्हाला कुठला त्रास झेपेल, हा प्रश्न उपचार निवडतानाच विचारायचा असतो. आपल्याकडं अडचण ही की पुष्कळ माणसं उशिरा येतात, तेव्हा आजार बाहेर पडलेला असतो आणि ही निवड हातात राहत नाही.

ओ_मालक

डॉक्टरसाहेब, हे माहीत नव्हतं. गुरुजी, राग मानू नका बे. काकांमुळं बोललो.

गुरुजी_विजापूररोड

राग कसला. काकांना उशिरा कळलं म्हणूनच तर हे लिहायचं.

बार्शी_अपडाउन

रेडिएशनवाल्यांचं कुणी लिहिलं नाही, म्हणून मी. आपल्या जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, माझं तिथं झालं. मुंबई-पुण्याला खोली करून राहायची गरज पडली नाही, सकाळी एसटीनं जायचं, संध्याकाळी घरी. सत्तर किलोमीटर. मला वीस वेळा बोलावलं, चार आठवडे. काहींना सात-आठ आठवडेही देतात, ते आजारावर आणि डॉक्टरांच्या आखणीवर ठरतं. जवळ ठिकाण असलं की माणूस उपचार मध्येच सोडत नाही, हे मी तिथं डोळ्यांनी पाहिलं.

शेक बसत नाही, दुखत नाही, मिनिटांत संपतं. तयारीच मोठी. पोट साफ आणि मूत्राशय भरलेला पाहिजे. ठरलेलं पाणी प्यायचं आणि नंबर येईपर्यंत धरून बसायचं. मूत्राशय भरला की आतडं बाजूला सरकतं आणि किरण कमी लागतात. ज्याला आधीच घाई होते त्याला हे धरणं म्हणजे परीक्षाच. आमच्या रांगेत सगळे साठी-सत्तरीचे, सगळे मांडीला मांडी घट्ट लावून बसलेले, कुणी कुणाला हसवायचं नाही हा नियम.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जळजळ, रात्रीत चार-पाचदा उठणं, शौचाला वारंवार, कधी शेम पडणं. त्या काळात वायू धरणारं बंद: हरभऱ्याची उसळ, कोबी, शेंगा चटणी. ज्वारीची मऊ भाकरी, मुगाचं वरण, ताक चाललं. कडक भाकरी नंतर. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत हे ओसरलं. पण वर्षभरानं एकदा शौचातून रक्त गेलं आणि मी हादरलो. रेडिएशनमुळं आतड्याचं अस्तर नाजूक होतं, त्यामुळं उशिरानंही असं होतं म्हणे. तरीही दाखवून घ्यायचंच, मूळव्याध म्हणून घरी मलम लावत बसायचं नाही.

अजून एक, पीएसए रेडिएशननंतर सावकाश उतरतो, कधी मध्येच थोडा उडी मारतो. ऑपरेशनवाल्यांच्या आकड्याशी आपला आकडा लावून झोप घालवू नका.

युरो_डॉक्टर

बरोबर. ऑपरेशननंतर तो जवळजवळ शून्य व्हायला हवा, ०.२ वर गेला की आम्ही बघायला लागतो. रेडिएशननंतर खालच्यात खाली गेलेल्या आकड्यापेक्षा २ नं वर गेला तर. दोघांची मोजपट्टी वेगळी.

पोरगा_पुण्यात

वडील सोलापुरात, मी हिंजवडीत. रोज फोन करतो. "कसे आहात बाबा?" "मजेत." "त्रास?" "काही नाही." आई मागून काहीतरी बोलते, ते फोन ठेवतात. इंजेक्शनं चालू आहेत. कसं विचारू?

यंत्रमाग_चाळ

"कसे आहात" विचारू नका बाळ, त्याचं उत्तर मजेतच असतं. "रात्री किती वेळा उठलात?" विचारा. "गेल्या आठवड्यात तलावावर फिरायला गेला होता का?" विचारा. आकडा सांगायला माणसाला लाज वाटत नाही. माझी मुलगी असंच विचारते आणि मी सांगून बसतो.

वहिनी_बाळीवेस

आणि सुट्टीला आलात की आईला वेगळं बाहेर न्या. तिलाही कुणी विचारत नसेल. बाबांच्या औषधांची वेळ ती सांभाळते, रात्री तीही तेवढ्याच वेळा उठते.

फिजिओ_ताई

पोरगा_पुण्यात, इंजेक्शनवर असलेल्यांसाठी सगळ्यात उपयोगी औषध फुकट आहे. नुसतं चालणं पुरत नाही, वजन उचलायचा व्यायाम हवा. हार्मोन गेलं की स्नायू झडतात, हाडं ठिसूळ होतात. हाता-पायाचे मोठे स्नायू आठवड्यातून दोन-तीनदा तरी ताणाखाली आले पाहिजेत. खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात लावून जोर, एक-एक लिटरच्या बाटल्या भरून उचलणं. थकवा आलाय म्हणून पडून राहिलं की थकवा वाढतो, या आजारात हे उलटं आहे आणि घरच्यांना ते पटत नाही. ज्यांच्या हाडात आजार आहे त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारून, वाकून वजन उचलणं टाळून.

हाड_दुखरं

तो "हाडात आजार" वाला मी. चौथी स्टेज. पहिल्या दिवसापासून माहितीय की पूर्ण बरं होणार नाही. हा धागा बरे झालेल्यांचा आहे की काय, असं वाटून लिहीत नव्हतो.

माझ्या गोळ्या अबिराटेरोनच्या, सोबत प्रेडनिसोलोन. अबिराटेरोन उपाशीपोटी घ्यायची: आधी दोन तास काही खायचं नाही, नंतर एक तास नाही. मी पहाटे उठलो की घेतो आणि फिरायला जातो, परत येईपर्यंत चहाची वेळ होते. बीपी आणि पोटॅशियम बघत राहायला लागतं, पायाला सूज येते का ते बघायचं. देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्यापासून किंमत बरीच उतरलीय. हाडासाठी झोलेड्रॉनिकचं इंजेक्शन असतं. ते सुरू करायच्या आधी दात दाखवून घ्या, किडके दात काढायचे तर आधीच काढा. नंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरत नाही, असं होऊ शकतं. मला हे दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेही योगायोगानं.

दुखणं सहन करू नका, एवढं माझ्याकडून घ्या. मी दोन महिने "होईल कमी" म्हणत काढले. मॉर्फिनच्या गोळीची भीती, सवय लागेल, लोक म्हणतील आता शेवट आला. दुखणं थांबल्यावर मी पुन्हा झोपलो, जेवलो, पेपर वाचला. हाडावर एक-दोनदा रेडिएशन दिलं तरी दुखणं खूप उतरतं. कधीपासून जगतोय ते मोजत नाही. हुरड्याचा हंगाम गेला, आंब्याचा आला.

युरो_डॉक्टर

हाड_दुखरं, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. त्याला एकच जोड, सगळ्यांच्या घरच्यांसाठी. कंबर किंवा पाठ एकदम जास्त दुखू लागली, पायात मुंग्या, पाय लटपटू लागले, लघवी-शौच अडलं किंवा कळेनासं झालं, तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका. मणक्यावर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी, त्याच रात्री दवाखाना. पाय एकदा गेले की परत आणणं अवघड. आधी धरलं तर वाचतात.

दीर्घकाळ हार्मोन उपचार चालू असलेल्यांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, साखर, कोलेस्टेरॉल विचारून घ्यावं. डॉक्टर विसरले तर आठवण करून द्या. आम्ही विसरतो.

गुरुजी_विजापूररोड

हाड_दुखरं, धाग्याच्या शीर्षकावरून तुम्हाला बाहेरचं वाटलं असेल तर शीर्षक बदलतो.

हाड_दुखरं

राहू द्या. पीएसए माझाही उतरलाय, सध्या तरी.

चाचा_शास्त्रीनगर

गुरुजी, भजनाचं काय झालं?

गुरुजी_विजापूररोड

बुवांना सांगितलं. ते म्हणाले त्यांचंही साखरेमुळं तेच चाललंय, मधे उठतात ते तंबाखू थुंकायला नसतात. पहिल्या ओळीत बसलो. अभंगाच्या मध्येच उठून गेलो, परत आलो, कुणी मान वळवली नाही. ताईंचा व्यायामही चालू आहे, संध्याकाळचं थोडं आटोक्यात येतंय.

अक्कलकोट_रोड

नवीन आहे, आजच सगळं वाचून काढलं. भावाला पुढच्या आठवड्यात टाटाला परळला न्यायचंय, दुसरं मत घ्यायला. नळी आहे अजून. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं न्यावं की वंदे भारतनं? सवलत मिळते का?

जुळेसोलापूरकर_५९

नळी असेल तर सिद्धेश्वर. रात्रभर आडवं होता येतं, वंदे भारतमध्ये बसून राहावं लागेल. लोअर बर्थ मागा, डब्याच्या टोकाजवळचा, शौचालय जवळ पडतं. निघताना पिशवी रिकामी करा, रात्री एकदा उठून पुन्हा. पिशवी नेहमी कमरेच्या खाली लटकू द्या, बर्थवर शेजारी ठेवली तर लघवी उलटी जाते. दादरला उतरा, सीएसएमटीला जाऊ नका, परळ तिथून जवळ.

बार्शी_अपडाउन

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण माफी आहे, सोबतच्या माणसाला पाऊण. त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात उपचार करणाऱ्या दवाखान्याचं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र लागतं. सध्या जिथं दाखवताय तिथून जाण्याचं घ्या, टाटामधून परतीचं. तिकीट स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर काढा. प्रमाणपत्राच्या दोन-तीन झेरॉक्स आणि भावाचं आधार जवळ ठेवा, टीसी बघतो.